परमिटवाल्या मोरे मॅडम

मोरे मॅडम ऑफिसात कुणालाच नावाने हाक मारायच्या नाहीत. मी गिरगावची, म्हणून मी "गिरगाव". माझगावहून एखादा वेल्डर आला की "माझगाव, बस इथे". लालबागची नर्स आली की "लालबाग, ओरिजिनल आणलेत का?" आमचे बॉस केतन सर शीवला राहतात, म्हणून तोंडावर "सर" आणि पाठीमागे "शीव". पहिल्या दिवशी मला वाटलं की या बाई आधी बस कंडक्टर होत्या की काय.

दोनेक महिन्यांनी धीर करून विचारलं, मॅडम, नावाने का नाही हाक मारत? तर म्हणाल्या, नाव फाईलमध्ये असतंच ग, माणूस कुठून उठून आलाय ते कुठे असतं? मी म्हटलं, पत्ता असतो की. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "पत्ता असतो. निघताना घरी काय सांगून आलाय ते नसतं."

मग पुन्हा फाईलमध्ये डोकं. त्यांच्याशी बोलणं हे असं. एक वाक्य मिळायचं, ते घरी नेऊन दोन दिवस चघळायचं.

थांबा, मी फार पुढे पळतेय. आधी ऑफिस सांगते. दादर पश्चिमेला, फुलबाजाराजवळ, जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला. खाली साड्यांचं दुकान आणि जिन्यात सकाळी झेंडूचा वास. परदेशातल्या कंपन्यांना, हॉस्पिटलांना इकडची माणसं कामाला हवी असतात. ती माणसं आम्ही शोधत नाही, ते दुसरे लोक करतात. आम्ही फक्त कागद बघतो. वर्क परमिटचे कागद, व्हिसाचे कागद, तिकडे उतरल्यावर रेसिडेन्स कार्डासाठी लागणारे कागद. मी तिथे लागले तेव्हा मला या तिन्हीतला फरक माहीत नव्हता. मला एकच गोष्ट यायची, टायपिंग. म्हणजे खरंच फास्ट, न बघता. इंटरव्ह्यूला केतन सर खूश झाले. मोरे मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाल्या, "छान. चुका पण लवकर होतील."

झाल्याच. पण ते पुढे येईल.

तो फरक त्यांनी मला पहिल्याच दुपारी समजावला. नायगावच्या चाळीत जन्म, तिथेच लग्न, तिथेच मुलगा झाला. त्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट चाळीत नेऊनच सांगता यायची. म्हणाल्या, व्हिसा म्हणजे जिना. जिना चढू दिला म्हणजे खोली आपली झाली असं नाही. वर्क परमिट म्हणजे कुठल्या खोलीत तू काय म्हणून राहणार ते. भाडेकरू की पाहुणी की भांडी घासणारी. आणि रेसिडेन्स कार्ड म्हणजे त्या घरच्या रेशनकार्डावर नाव. ते चढलं की मग कुणी 'तू कोण ग' विचारत नाही.

मी म्हटलं, आणि तिन्ही नसलं तर?

"मग तू गॅलरीत झोपलेली. कुणीही येऊन उठवेल."

नंतर मी सहा-सात देशांचे नियम वाचले. चाळीस-चाळीस पानांच्या पीडीएफ. शपथ घेऊन सांगते, यापेक्षा क्लिअर कुणी लिहिलेलं नाही.

मोरे मॅडम दिसायला कशा? बुटक्या, घट्ट वेणी, कॉटनची साडी, पायात चालायचे शूज. हो, साडीवर शूज. डबा बरोबर साडेबाराला. डब्यात भाकरी आणि बहुतेक वेळा सुकट, म्हणून डबा उघडायच्या आधी खिडकी उघडायच्या. "सरांच्या नाकासाठी." घरचा फोन आला की "जय भीम", क्लायंटचा आला की "गुड मॉर्निंग", आणि केबिनमधून केतन सरांचा आला की नुसतं "बोला". केतन सरांच्या वडिलांनी त्यांना टायपिस्ट म्हणून घेतलं होतं, तेव्हा केतन सर शाळेत होते. हे त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत, पण त्या "बोला"मध्ये सगळं यायचं. सहा डिसेंबरला सुट्टी. त्या दिवशी शिवाजी पार्कवर मैत्रिणीच्या पुस्तकांच्या स्टॉलवर बसायच्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला येताना हातात दोन-तीन अनोळखी लोकांच्या झेरॉक्स असायच्याच. कारण पुस्तकं घ्यायला आलेलं कुणीतरी म्हणालेलं असायचं की ताई, भाच्याला दुबईचं लेटर आलंय, जरा बघता का.

आणि त्यांची ती पद्धत. केतन सरांच्या शब्दांत "मॅडमची शाळा".

फाईल पूर्ण झाली की ज्याची फाईल त्याला बोलवायचं, समोर बसवायचं आणि त्याचेच कागद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. सगळे. पासपोर्ट, सर्टिफिकेटं, ऑफर लेटर, काँट्रॅक्ट. त्या स्टीलची पट्टी ओळीखाली धरायच्या आणि माणूस वाचायचा. इंग्रजी येत नसेल तर त्या वाचायच्या आणि तो मराठीत किंवा हिंदीत परत सांगायचा. शेवटी तीन प्रश्न. तुला कामावर ठेवणारा कोण? काम कोणतं? आणि परत यावंसं वाटलं तर पासपोर्ट कुणाकडे असेल? तिन्हीची उत्तरं न बघता आली तर फाईल पुढे. नाहीतर चहा पी आणि पुन्हा वाच.

लोकांना राग यायचा. का येणार नाही? पन्नाशीचा फोरमन, हाताखाली तीस माणसं, त्याला या बाई पट्टी धरून वाचायला लावतायत. एका फाईलला तास-दीड तास जायचा. मला पण सुरुवातीला वाटायचं, अहो, सगळं स्कॅन आहे, मी चेक केलंय, टिक केलंय, आता हे कशाला?

मग माझगाव आला.

नाव लिहीत नाही, माझगावच म्हणते. वेल्डर, डॉकमध्ये पंधरा वर्षं काढलेला, मालवणी माणूस, हाताला भाजल्याचे बारीक बारीक डाग. आखातातल्या एका कंपनीत काम लागलं होतं. ऑफर लेटरवर वेल्डर, पगार वेल्डरचा. पण परमिटच्या अर्जावर काम लिहिलेलं होतं क्लीनर. मधल्या एजंटचं म्हणणं की वेल्डरचा कोटा भरलाय, क्लीनरचा मोकळा आहे, एकदा आत आला की कोण बघतंय. मी ते वाचलं होतं. मला वाटलं, चालत असेल.

मोरे मॅडमची पट्टी त्या शब्दाखाली थांबली. माझगावला विचारलं, काम कोणतं? तो म्हणाला वेल्डिंग. पुन्हा विचारलं, इथे काय लिहिलंय? त्याने हातच जोडले. म्हणाला, जावंदे मा मॅडम, कागदार काय लिवलेला हा ता कोण बघता?

"तुझा डोळा गेला की बघतील," मॅडम म्हणाल्या. "इन्शुरन्सवाला विचारेल, क्लीनर मशीनपाशी काय करत होता? काय सांगशील? झाडत होतो?"

माझगाव उठला, खुर्ची मागे ढकलली आणि जाता जाता बोलायचं ते सगळं बोलला. आमचं पोट कळत नाही तुम्हाला, एसीत बसून शिकवता. एसी तर आमच्याकडे फक्त केबिनमध्ये होता, पण ते जाऊ दे. केतन सर पण चिडले. मॅडमनी शांतपणे त्या कंपनीला मेल टाकला की परमिट ऑफर लेटरप्रमाणे काढा, नाहीतर फाईल आमच्याकडून जाणार नाही. महिना गेला. एक दिवस माझगाव दारात. टेबलावर वेल्डर लिहिलेलं परमिट ठेवलं आणि शेजारी एक पिशवी. आत सोडे, सुकवलेली कोलंबी. "धुवन घेवा, रेती आसता," एवढं म्हणाला आणि गेला.

मी एकदम भारावून वगैरे मॅडमना विचारलं की तुमच्याबाबतीत असं काही झालं होतं का? घरातलं कुणी गेलं होतं का तिकडे? मला वाटलं आता मोठी गोष्ट निघणार, मी खुर्ची पण जवळ ओढली. त्या सोड्यांची पिशवी घट्ट बांधत होत्या. म्हणाल्या, प्रत्येक सवयीमागे स्टोरी लागतेच का तुम्हा पोरींना? मला उशिरा कळलेलं आवडत नाही, बस.

आता सायलीचं सांगते. खरं तर हे सगळं त्यासाठीच लिहायला घेतलंय.

सायली गावडे. राहायची लालबागला, परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स. बारा वर्षं आयसीयूत काढलेली. नवरा महेशचं काम कधी असायचं कधी नसायचं, मुलगी पहिलीत, घरात सासूबाई. युरोपातल्या एका छोट्या देशातलं हॉस्पिटल इकडून आठ नर्सेस घेत होतं. देशाचं नाव लिहीत नाही, ते अजून आमचे क्लायंट आहेत. सायली सगळ्या परीक्षा, सगळे इंटरव्ह्यू पार करून त्या आठांत आली होती. एक वर्ष झालं की मुलीला आणि नवऱ्याला पण तिकडे नेता येणार होतं. फक्त कागद शुक्रवारपर्यंत तिकडे पोचायला हवे होते, म्हणजे ते परमिटचा अर्ज टाकणार. शुक्रवार हुकला तर पुढची बॅच सहा महिन्यांनी. आणि त्यांची वयाची अट पस्तीस. सायलीला तीन महिन्यांत पस्तीस पूर्ण होत होती. म्हणजे हीच बॅच. नंतर काही नाही.

फाईल माझी होती. मी तपासली, टिक केली, सही केली. बुधवारी सायली मॅडमच्या शाळेला आली, हॉस्पिटलचा युनिफॉर्म बॅगेत, नाईट करून थेट. वाचायला लागली. नर्सिंगचं सर्टिफिकेट, वर्षा तुकाराम सावंत. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, वर्षा तुकाराम सावंत. पासपोर्ट, सायली महेश गावडे. आता यात काही वेगळं नाही, आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पेढे वाटायचे. माझी आई माहेरी मंगल, सासरी मधुरा. आत्या अजून मंगल म्हणते. मला त्यात कधी काही खटकलंच नाही, आणि तेच माझं चुकलं.

लग्नाचं सर्टिफिकेट आलं. सायलीने वाचलं, वधूचं विवाहापूर्वीचं नाव, सायली तुकाराम सावंत.

पट्टी थांबली.

मॅडमनी विचारलं, ही कोण? सायली हसली, म्हणाली मीच की. मॅडम हसल्या नाहीत. "लग्नाआधी तू वर्षा सावंत. लग्नानंतर सायली गावडे. मग ही सायली सावंत राहायची कुठे?"

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. सायली सावंत नावाची बाई जगात कधी नव्हतीच. लग्नानंतर तीन महिन्यांनी नोंदणीचा फॉर्म सासूबाईंनी भरून घेतला. घरात सायली नाव पडलेलं, आता जुनं कशाला लिहायचं म्हणून लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्हीकडे सायलीच लिहिलं. कुणी विचारलं नाही, दहा वर्षं कुठे अडलं नाही. पण त्यामुळे वर्षाला सायलीशी जोडणारा एकही सरकारी कागद उरला नव्हता. परीक्षा पास झाली होती वर्षा. विमानात बसणार होती सायली. दोघी एकच, हे सांगणारं फक्त एक ॲफिडेव्हिट होतं आणि ते तिचं स्वतःचंच.

केतन सर बाहेर आले. पाठवून द्या म्हणाले, त्यांना काय कळतंय वर्षा काय आणि सायली काय, ॲफिडेव्हिट आहे ना? सायलीने पण मान डोलावली. तिला काहीही करून शुक्रवार गाठायचा होता. मॅडम तिच्याकडे बघून बोलल्या, सरांकडे नाही. ॲफिडेव्हिटमध्ये तू स्वतःबद्दल सांगतेस, ते कुणीही सांगेल. तिकडच्या ऑफिसरने उद्या लिहिलं की ओळख पटत नाही, तर तो शिक्का आयुष्यभर. पुढच्या प्रत्येक देशाच्या फॉर्मवर विचारतात, याआधी कधी नाकारलंय का. हो लिहावं लागेल. मग सांगत बस तांदळाची गोष्ट.

सायली रडायला लागली. आवाज न करता, आयसीयूतल्या बायका रडतात तशी. मॅडमनी तिला रडू दिलं. मग दोन रस्ते सांगितले. पासपोर्ट बदलून पुन्हा वर्षा करायचा, किंवा गॅझेटमध्ये छापून आणायचं की वर्षाची सायली झाली. म्हणजे सरकारच सांगेल. आणि मग असं काही विचारलं जे मला वाटतं तिला आधी कुणीच विचारलं नव्हतं, "तुला कुठलं हवंय?"

सायली म्हणाली, वर्षा आवडायचं मला. मग म्हणाली, "पण मुलीच्या शाळेत आईचं नाव सायली आहे."

"मग सायली. अर्ज आजच टाकू," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी मला मेल टाईप करायला बसवलं. त्या सांगत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मी हळू टाईप करत होते. साधं इंग्रजी, छोटी छोटी वाक्यं. आमच्याकडे लग्नात नवरा तांदळावर बायकोचं नवीन नाव लिहितो. या बाईचंही लिहिलं. सरकारी नोंदीत जुनं नाव लिहायचंच राहून गेलं. आम्ही ते दुरुस्त करतोय, कृपया तिची जागा धरून ठेवा. आणि शेवटी, ही चूक आमच्या ऑफिसच्या तपासणीत आधीच सापडायला हवी होती, तपासणीची जबाबदारी माझी आहे. खाली त्यांचं नाव.

माझी बोटं थांबली. म्हटलं, मॅडम, टिक माझी आहे.

"टिक तुझी आहे, टेबल माझं आहे. टाईप कर."

इतकंच. नंतर कधी त्या विषयावर एक शब्द नाही. टोमणा नाही, घरी जाताना लेक्चर नाही. मला तर ओरडा खायचा होता, खरंच. ओरडा मिळाला की हिशोब मिटतो ना. त्यांनी तो मिटू दिला नाही. त्यामुळे आजपर्यंत मी एकही लग्नाचं सर्टिफिकेट बोट न ठेवता वाचलेलं नाही.

गुरुवारी उत्तर आलं. तिकडच्या एचआरच्या बाईंनी लिहिलं होतं की असं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. तीन आठवडे थांबू. पण गॅझेट हवंच, आणि नाव ठेवताना हजर असलेल्या घरातल्या मोठ्या माणसाचं सही केलेलं स्टेटमेंट हवं.

सायलीचे आईवडील हयात नव्हते. घरातलं मोठं माणूस म्हणजे सासूबाई. आणि सासूबाईंना सून जायला नकोच होती.

त्या शनिवारी आल्या. उंच, ताठ, नऊवारी नाही पण तसाच रुबाब, हातात छत्री. सायली मागे दोन पावलं. बसायच्या आधीच म्हणाल्या की मी चुकलंय असां लिवन देवचां नाय. दहा वर्षां कोणाक काय अडाक नाय, आता गोऱ्यांका कित्याक इचार पडलो? मुलीला सांभाळायचं कुणी, महेशच्या डब्याचं काय, आणि लोक काय म्हणतील, सुनेने घर टाकलं. सगळं एका दमात. मला वाटलं संपलं. केतन सर केबिनचा दरवाजा लावून बसले.

मोरे मॅडमनी चहा मागवला आणि विचारलं, लग्न कुठे झालं होतं? एवढंच. सासूबाई जरा गोंधळल्या. मग सांगायला लागल्या. गावाला झालं, अंगणात मांडव, मे महिना, पाणी टँकरचं. मॅडम विचारत गेल्या, त्या सांगत गेल्या. सायलीच नाव का? तर घरात एक वर्षा आधीच होती, सायलीची मोठी जाऊ. एका चुलीपाशी दोन वर्षा कशा चालतील, हाक मारली तर दोघी येणार. आणि सायली? सासूबाई छत्रीच्या मुठीकडे बघत म्हणाल्या की माझ्या आयेच्या खळ्यात सायलीचो येल होतो. सांजच्याक वास सुटायचो. माका चेडू नाय. सून इली तर म्हटलंय, ह्या नाव घरात येवंदे.

सायली त्यांच्याकडे बघतच राहिली. सासूबाईंना मुलगी नव्हती म्हणून हे नाव, हे दहा वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी सगळं जसंच्या तसं लिहून काढलं, मी त्याचं इंग्रजी केलं. केतन सर म्हणाले वेलाचं काढा, स्टेटमेंटमध्ये वेल कशाला? मॅडम म्हणाल्या, राहू दे, खोटं बोलणारी बाई वेल नाही सांगत. मग त्यांनी तो कागद सासूबाईंना मराठीत वाचून दाखवला. कुठेही 'चूक' हा शब्द नव्हता. सासूबाईंनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि थांबल्या. सायलीकडे न बघता मॅडमना विचारलं, "सही केलंय तर ती जातली मा?"

"जाईल."

"आणि नाय केलंय तर?"

मला वाटतं मॅडम सोपं उत्तर शोधत होत्या आणि सापडत नव्हतं. मग म्हणाल्या, "तर राहील. तुमच्या समोरच राहील. रोज."

खाली रस्त्यावर कुणीतरी शेवंती दहाला वाटा ओरडत होतं. ते पाच-सहा वेळा ऐकू आलं. मग सासूबाईंनी सही केली, सुलोचना गावडे, एकेक अक्षर सुटं सुटं. मॅडमनी कागद घेतला, सही बघितली आणि हळूच विचारलं, हे सासरचं ना? माहेरचं काय? सासूबाई उठल्या, पदर नीट केला. म्हणाल्या, तां आता कोण इचारता. आणि सांगितलं नाही.

पुढचे अडीच आठवडे मी रोज सकाळी गॅझेटची साईट उघडायची, चहाच्या आधी. मुदतीच्या चार दिवस आधी आलं. बारीक टाईपात, शेकडो नावांमध्ये एक ओळ, जुनं नाव, नवीन नाव. मी उड्या मारल्या. मोरे मॅडमनी प्रिंट घेतली, पट्टी ठेवून वाचली, दोनदा. मग म्हणाल्या, आता पाठव. परमिट यायला दीड महिना लागला आणि व्हिसाला त्यानंतर तीन आठवडे. बाकीच्या सात जणी एकत्र गेल्या होत्या. सायली एकटी जाणार होती, उशिरा, पण जाणार होती.

मोरे मॅडम आता नाशिकला मुलाकडे असतात. निरोप समारंभ वगैरे त्यांना अजिबात आवडायचं नाही, ते मला माहीत होतं. पण इतकं आवडत नसेल असं वाटलं नव्हतं. सायली गेली त्याच शुक्रवारी रात्री मी मावसभावाच्या लग्नाला कोल्हापूरला गेले आणि आठ दिवसांनी परत आले तर त्यांचं टेबल पुसलेलं, खुर्ची आत सरकवलेली. केतन सर म्हणाले, महिन्याभरापूर्वीच सांगितलं होतं त्यांनी मला, तुला सांगू नका म्हणाल्या, ती रडत बसेल आणि फाईली राहतील. माझं आणि त्यांचं फोनवर बोलणं होतं. त्या फोन उचलून अजून "बोला" म्हणतात. पण मला त्या शेवटच्या दिसल्या त्या सायलीच्या दिवशी.

सायलीचं विमान दुपारचं होतं. मुलगी रडेल म्हणून तिने सासूबाईंना सांगितलं होतं की एअरपोर्टला नका येऊ, तिची बाराची शाळा असते, तिला शाळेत सोडा. सव्वादहाला ती महेशबरोबर टॅक्सीत बसली. आणि अकराला सासूबाई आमच्या ऑफिसच्या दारात. हाताला ती मुलगी, युनिफॉर्ममध्ये, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. काही काम नव्हतं. आत आल्या आणि मोरे मॅडमच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मुलगी टेबलाला टेकून उभी राहिली.

मोरे मॅडमच्या समोर त्या वेळी एक अर्धी तपासलेली फाईल उघडी होती. त्यांनी ती तशीच मिटली. काय झालं विचारलं नाही. सगळं ठीक होईल वगैरे तर त्या कधीच म्हणायच्या नाहीत. पाणी दिलं. मुलीला विचारलं, शाळा कुठली? मग उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि केबिनच्या दारात जाऊन म्हणाल्या, सर, मी हाफ डे टाकतेय. इतक्या वर्षांत केतन सरांनी तो शब्द मोरे मॅडमच्या तोंडून ऐकला नसावा.

मी खिडकीत गेले. तिघी जिन्यातून बाहेर आल्या. फूटपाथवर फुलवाल्यांची गर्दी होती. मुलीने काहीतरी म्हटलं, बहुतेक पाठ दुखतेय असं, कारण मोरे मॅडमनी तिचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं, गुलाबी, त्यावर मांजर. पाण्याची बाटली गळ्यात घातली. मुलगी मधे, एका हाताला मॅडम, एका हाताला आजी. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. सासूबाई काहीतरी बोलत होत्या, सारखं बोलत होत्या, छत्रीने हवेत काहीतरी दाखवत होत्या, आणि मोरे मॅडम मान वाकवून ऐकत होत्या. मग एक बस मधे आली आणि सिग्नलला थांबून राहिली. ती हलली तेव्हा तिघी पलीकडे पोचल्या होत्या.